डाव्या हातातली तलवार

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला भीती नाही, राग येतो. धारवाडला मळमड्डीत राहते, शाळेत सायन्स शिकवते. पुढचं वाचून मला वेडी म्हणायचं तर खुशाल म्हणा...

आमचे हे बँकेत आहेत. स्वभाव इतका गरीब, की झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारतात. यांनी हुबळीला दुर्गदबैलमधल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक चित्र आणलं — तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापतात तसलं. कोण कुठला सरदार! पिळदार मिशा, पगडीला तुरा, मोत्यांचे सर, डाव्या हातात उपसलेली तलवार, उजवा कमरेवर. हॉलमध्ये लावलं आणि येईल त्याला "आमचे पूर्वज" म्हणून सांगायला लागले. मी म्हटलं, मिरवू देत बापडे.

खंडेनवमीला मात्र कहर केला. पाटावर घरातली हत्यारं मांडली — विळी, पाना, नारळ सोलायचा कोयता — आणि मधोमध ते चित्र! तलवारीला कुंकू लावलं, आपलं गोत्र सांगून सरदाराला पूर्वज म्हणून हात जोडले.

धाकटा दीर विनायक जेवायला आला होता. तो हसतच सुटला. "अय्यो, बिडो अण्णा, सोड! आपण सात पिढ्यांचे कारकून. कसली तलवार नि कसलं काय!"

यांनी कोयता उचलला. डाव्या हातात. पहिला घाव खांद्यावर, दुसरा विनायकनं आडव्या धरलेल्या हातावर — हाड दिसलं हो! हे ओरडत नव्हते, थरथरत नव्हते. उजवा हात कमरेवर, हनुवटी वर. तिसरा घाव मानेवर येणार, तेवढ्यात मी पाट खेचून यांच्या मनगटावर हाणला. कोयता पडला. आणि हे घाबरून विचारतात, "अगं, विनायकला कोणी मारलं?"

विनायक वाचला. दवाखान्यात त्यानं "पत्र्यावर पडलो" असंच सांगितलं. हात अजून नीट वळत नाही.

यांना डाव्या हातानं शर्टाचं बटणही लावता येत नाही. आणि असल्या छापात चित्र कधी कधी आरशातल्यासारखं उलटं उमटतं म्हणे. खरंच, सरदाराच्या अंगरख्याचे बंदही भलत्याच बाजूला होते. म्हणजे तो माणूस उजव्या हाताचाच असणार, डावखुरं होतं ते फक्त चित्र! मग यांच्या अंगात आलं ते काय — माणूस की कागद? चित्र मी जाळलं.

परवा विनायक त्यानंतर पहिल्यांदाच घरी आला. बेल वाजली तसा यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. "खुर्चीला बांध." डोळ्यांत पाणी होतं. हा वेडेपणा आहे, मला कळत होतं.

तरी बांधला. घट्ट.