सागराची पन्नासावी मुलगी

आमच्या किनाऱ्यावरच्या गावात पागोंदासइतकी देवांची कुळी कोणालाच पाठ नव्हती. आधी पोकळी, मग पृथ्वी, मग आकाश, मग बापाला विळ्यानं कापणारा मुलगा, तोच पुढे आपली पोरं गिळणारा बाप, आणि शेवटी झ्यूस. जणू या सगळ्या बाळंतपणांना तो दाराबाहेर उभा होता, अशा थाटात गायचा. स्वतःच्या नातवंडांची नावं मात्र नेहमी चुकायची.

यज्ञाच्या दिवशी गाणाऱ्याच्या हाती लॉरेलच्या झाडाची मानाची काठी असे. अट एकच: सागरातल्या म्हाताऱ्या देवाच्या पन्नास मुलींची नावं पन्नासच भरली पाहिजेत. एक राहिली तर ती रुसते, आणि एखादी होडी परत येत नाही. म्हणून मिर्तोआत्या दर नावाला मडक्यात वालाचा एक दाणा टाकी. नावं ऐकत कोण होतं? आम्ही मोजायचो.

पागोंदासचा मुलगा लांपोन बारा वर्षं त्या काठीसाठी झुरत होता. दरवर्षी बापाआधी गाई, आणि दरवर्षी एकोणपन्नास.

"काय रे, एक सासरी धाडलीस वाटतं?" आत्या मडकं हलवत विचारी. सगळा गाव हसे, त्यात बापाचा आवाज सर्वांत मोठा. मग हरलेल्यानं पुढचं गाणं ऐकायचं नाही या रीतीनं लांपोनला टेकडीपलीकडे पाठवत.

एकदा दारूच्या भरात पागोंदास माझ्या कानाला लागला. "एक नाव मी त्याला शिकवलंच नाही. शिकवलं तर काठी जाईल. देवांच्या घरात मुलांनी काय केलं, ठाऊक आहे ना?"

यंदा लांपोन हरला, टेकडीपलीकडे गेला, आणि पागोंदास गायला. आत्यानं दाणे दोनदा मोजले.

"अहो दादा, एकोणपन्नासच भरतायत."

बारा वर्षं एकोणपन्नास शिकवून म्हाताऱ्याच्या जिभेला तेवढ्याचीच सवय झाली होती. ओठ नुसते हलले. मग चेहरा उजळला. "लांपोनला बोलवा! त्याला पन्नासच्या पन्नास शिकवलीत मी."

लांपोन धावत आला. "बाबा, मला नाही येत हो."

"येतं! बापाची फजिती बघायचीय तुला!" पागोंदासनं काठी त्याच्या तोंडावर हाणली.

"शिकवलं असेल, बाबा," रक्त पुसत तो म्हणाला. "माझंच डोकं फुटकं."

दुसऱ्या दिवशी होड्या निघायच्या होत्या, त्यात माझे दोघे भाऊ. नाव राहिलेल्या देवीचा राग कोणाच्या तरी डोक्यावर घालून त्याला वेशीबाहेर काढणं भाग होतं. सगळ्यांनी लांपोनकडे बोट केलं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्याला झोडपत हाकलायला अंजिराच्या फांद्या आणल्या. पहिला फटका रीतीप्रमाणे बापाचा. पागोंदासला फांदी काही केल्या धरवेना. मग मी त्याचा हात फांदीभोवती आवळून धरला.