विठूच्या स्लॅबवरची छत्री

वाडीत अकरा घरं, आणि अकराही घरांच्या टीव्हीला डॉक्टर एकच, शिवा. संगमेश्वरापासून बरीच आत, दोन डोंगरांच्या बेचक्यात बसलेली ही वाडी. इथे टीव्हीच्या टॉवरचं चित्र सरळ म्हणून कधी येत नसे. वारा सुटला की बांबूवरची अँटिना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या. मग हाक जायची, "शिवाऽऽ, चित्र गेलं रे!" शिवा हातातलं काम टाकून बांबूपाशी हजर. तो वरून ओरडणार, "आलं काय?" खालून बायका, "आलं, आलं... गेलं! मागं ने मेल्या, मागं!" अशी चाळीस वर्षं गेली. फणसाच्या उजव्या अंगाला किती सरकलं की टॉवर सापडतो, ते त्याच्या मनगटाला ठाऊक होतं.

काम झालं की चहा. नको म्हटलं तरी चहा. पण खरं सांगायचं तर शिवाला चहाची नाही, हाकेची तलफ होती. एरवी त्याला कोण कशाला हाक मारणार? वाडीतले पुरुष मुंबईला गेले, चुलतभाऊ विठूही गेला. शिवा आणि विठू एका वर्षाचे, शाळेत एका बाकावरचे. पण आईबापाला बघायला कोणीतरी मागे राहायला हवं होतं, तो शिवा राहिला. विठू छत्तीस वर्षं नोकरी करून, पेन्शन घेऊन परत आला, आणि आल्या आल्या कौलं काढून स्लॅब टाकला. शिवाच्या पोटात दुखायला तेवढं पुरलं. विठूनं गेटाला रंग दिला, दुखलं. विठूच्या आंब्याला आधी मोहर आला, तेव्हाही दुखलं. आता मोहर काय मुंबईहून आणला होता त्यानं? पण जळणाऱ्याला कारण लागत नाही.

त्यात ग्रामपंचायतीत कागद लागला. जुना टॉवर बंद होणार, यापुढे सगळं डिजिटल, डिश आणि डबा सरकार फुकट देणार, फॉर्म भरा. डिशला वाडीत छत्री म्हणतात.

फुकट म्हटल्यावर आमचा माणूस आधी दोन पावलं मागे सरतो. "सरकार देतंय म्हणजे कायतरी नेणार हाय," मालनकाकी म्हणाली. ती वाडीतली सगळ्यांत म्हातारी, तिच्या शब्दाला वजन. कोणी म्हणालं, सहा महिने फुकट, मग बिल. कोणी म्हणालं, रेशन बंद करतील. कोणी म्हणालं, त्या डब्याला कान असतात, घरातलं बोलणं थेट दिल्लीला जातं. हे कानाचं पिल्लू शिवानं सोडलेलं. "नवरा-बायको भांडाल तर हळू भांडा," असं तो दारोदार सांगत फिरला.

"आपली भांडणं ऐकून सरकार करील काय?" त्याची बायको जनी म्हणाली. "तुमाला का एवढं झोंबतंय?"

"तू गप."

झोंबत होतं ते सरळ होतं. टॉवर बंद म्हणजे अँटिना बंद, आणि अँटिना बंद म्हणजे हाक बंद.

अकरा घरांतून एकच फॉर्म गेला. कोणाचा? विठूचा! दुसरा कोण भरणार! मिरजोळ्याहून माणूस आला, स्लॅबवर छत्री ठोकून गेला. संध्याकाळी अख्खी वाडी विठूच्या पडवीत. मालनकाकीसुद्धा डब्याचे कान विसरून पुढे बसली, आणि परत जाताना शिवाच्या दारात थांबून म्हणाली, "शिवा, बातम्या सांगणाऱ्या बायच्या कुड्या दिसतात रे! सात मोती हायत, मोजले मी!"

शिवाच्या अंगाची लाही लाही झाली. चाळीस वर्षांत त्यानं काकीला ती बाई दाखवली, पण तिच्या कुड्यांतले मोती काही त्याला दाखवता आले नव्हते.

चार दिवसांनी विठू बाजाराला गेला. दुपारची जेवणं होऊन वाडी आडवी झाली होती. शिवा मागच्या आंब्यावरून स्लॅबवर उतरला, नट सैल केला, छत्री धरली आणि फिरवली. फार नाही, चार बोटं. खांबावर गंजाचा एक ठिपका होता, त्या ठिपक्यापासून चार बोटं.

झालं! विठूच्या पडद्यावर काळोख. "बघा, मी सांगत नव्हतो? सरकारी कारभार!" शिवा म्हणाला, आणि वाडीनं माना डोलावल्या. तीन दिवस तो हवेत होता. चौथ्या दिवशी विठू स्वतः त्याच्या ओटीवर आला. "शिवा, मला काय कळत नाय बाबा. तुज्यासारखा हात कोणाचा? जरा बघतोस?"

हाक आली! आणि तीही विठूची! शिवा चढला, उगाच दहा मिनिटं डोळे बारीक करून आभाळाकडे बघत राहिला, मग चार बोटं परत आणली. "आलं!" म्हणून खाली गलका झाला.

इथेच घात झाला. वाडीचा संशय एका दिवसात पळाला. विश्वास सरकारवर बसला नव्हता हो, शिवावर बसला होता. "आपला शिवा हाय, मग भ्यायचं कशाला?" उरलेल्या दहाही घरांनी फॉर्म भरले. महिन्यानं टेम्पोतून खोकी उतरली. बसवायला आलेल्या माणसाला मालनकाकीनं चहा पाजून वाटेला लावलं. "छत्र्या ठेव आणि तू जा बाबा, आमचा शिवा हाय." त्याच आठवड्यात टॉवर बंद झाला.

आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? शिवा काकीच्या कौलांवर चढला. छत्री धरून त्यानं फणसाच्या उजव्या अंगाला फिरवली, मनगटाला तेवढंच माहीत. "आलं काय?" "नाय!" डावीकडे. "नाय रे!" दुपारपर्यंत सहा घरं झाली, सगळीकडे काळोख. मुंग्या असत्या तर त्यांच्या मागोमाग जाऊन चित्र पकडता तरी आलं असतं. विठूच्या छत्रीला दोनदा हात लावला, तेव्हाही त्यानं फक्त गंजाचा ठिपका बघितला होता; आता तिचं तोंड कुठे आहे ते मान वळवून बघितलं असतं तरी उजेड पडला असता. पण विठूच्या स्लॅबकडे बघेल तो शिवा कसला! तो पुन्हा काकीच्याच घरावर चढला.

खाली सगळी वाडी जमलेली. मालनकाकीनं भाबडेपणानं विचारलं, "मग विठूची कशी रे लागली तुज्याकडनं, एका झटक्यात?"

शिवा मान खाली घालून नटाशी चाळा करू लागला. विठूनं वर त्याच्याकडे बघितलं, आणि विठूला कळलं. एका बाकावर बसलेल्याला कळतंच. मग तो काकीकडे वळला. "माझी मीच हलवलेली गो, पुसताना. जागा मला आठवत होती, मीच त्याला खालनं सांगितली. त्याचा काय दोष?"

शिवानं सुटलो म्हणायचं, तर तो पेटलाच. स्लॅब विठूचा, पेन्शन विठूची, मोहर विठूचा, आणि आता मोठं मनसुद्धा विठूचंच! चारचौघांत चोर म्हणाला असता तर एक वेळ सोसलं असतं. हे नाही सोसायचं.

"खोटं बोलतो तो!" शिवा वरून ओरडला. "मी फिरवली! तो बाजाराला गेला तेव्हा, मागनं चढून! चार बोटं!"

जनीनं कपाळावर हात मारून घेतला. मालनकाकी मात्र कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली आणि म्हणाली, "बरा सापडलास मेल्या. आता उतर, विठूची नीट बघून ये, आणि माजी लाव. बातम्या व्हायच्या हायत."

विठूनं शिडी आणून स्वतःच्या स्लॅबला लावली आणि पाय देऊन धरली. शिवा पुढच्या अंगानं चढला. छत्रीचं तोंड टॉवरकडे नव्हतंच मुळी. ते पार दुसऱ्या बाजूला, देवळाच्या वर, रिकाम्या आभाळाकडे होतं. त्यानं वितीनं तिचा कल मोजला, दिशा नजरेत धरली आणि काकीच्या कौलांवर परत आला. छत्री देवळाकडे वळवली, बोटभर, मग अर्धं बोट.

"आलं काय?"

"आलं रे शिवा! कुड्या दिसतात!" आवाज विठूचा होता, आणि मेल्याचा आवाजही खणखणीत.

शिवानं पाना काढून नट आवळला. शेवटचा एक फेरा सैल ठेवावा असं मनात आलं. ठेवला असता तर पहिल्या वाऱ्याला या घरातून हाक आली असती. खाली काकी मोती मोजत होती. त्यानं तो फेराही आवळला.