मिस्त्री वेणी घालायला शिकले

नळाची कामं करणाऱ्या मिस्त्रींना डोक्यावर केस असे नव्हतेच. तिशीत गळायला लागले आणि चाळिशीच्या आत मैदान साफ. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. "पाण्याची बचत," म्हणायचे. सकाळी तोंड धुतलेला ओला हात तसाच मानेपर्यंत फिरवला की निम्मी अंघोळ उरकायची.

घरातले सगळे केस बायकोच्या वाट्याला आले होते. कमरेपर्यंत वेणी, आता करडी झालेली, पण जाडी तीच. एका मोठ्या रुग्णालयात ती टेलिफोन ऑपरेटर होती. कानांवर हेडफोन आणि वेणी खुर्चीच्या पाठीवरून मागे सोडलेली, अशी ती वर्षानुवर्षं बसली. निवृत्त झाली तरी बोलण्यातलं "थांबा हं, जोडून देते" काही गेलं नाही. केसांचं सगळं तिचं ती करायची. मिस्त्रींचा त्याच्याशी संबंध एवढाच, की न्हाणीघराच्या जाळीत केस अडकले की ते काढायचे आणि काढताना कुरकुर करायची.

एकदा बसमधून उतरताना तिची पायरी चुकली. ती उजव्या अंगावर पडली. खुबा मोडला, दंडही मोडला. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण त्यानंतर रुग्णालयात बरेच दिवस उताणं पडून राहावं लागलं. तिथल्या बायका जखम बघत होत्या, औषधं देत होत्या, कूस बदलत होत्या. केसांकडे बघायला कुणाला सवड होती? तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला. घरी आणली तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला केसांचा घट्ट गोळा झाला होता, काथ्या भिजवून वाळवल्यासारखा. उशीवर डोकं सरळ ठेवता येईना.

लेक बँकेत नोकरीला. रजा टाकून आईजवळ आली होती. तिनं एकदा कंगवा घालून बघितला, दोन दात मोडले, आणि मग ती स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, कापूनच टाकू या. वाढतील परत."

"वाढतील की," मिस्त्री म्हणाले. त्यांनी फार विचार केला नव्हता. स्वतःचे गेले तेव्हा कुठे काय बिघडलं होतं?

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "कापा, कापा. मला आता कुठे मिरवायचंय." आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं.

मिस्त्री कात्री घेऊन आले. गोळा उचलून धरला. तेवढ्यात तिचा डावा हात पांघरुणातून निघाला, मागे आला आणि त्यानं गोळा पकडला.

"अगं, हात काढ."

"काढते," ती म्हणाली. पण काढला नाही.

मिस्त्री जरा वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी कात्री खिडकीत ठेवून दिली. "राहू दे. बघतो मी काहीतरी."

"तुम्ही?" लेकीला हसावं की रडावं कळेना. "बाबा, तुम्हाला केसांतलं काय कळतं?"

"गुंताच आहे ना? पाइपांचा काय, केसांचा काय."

बोलायला काय जातं! दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंगावर प्लास्टिक अंथरलं, लेकीची शांपूची बाटली घेतली आणि तिच्यातलं अर्धं त्या गोळ्यावर ओतलं. जितका फेस जास्त तितका मळ लवकर निघणार, असा त्यांचा हिशेब. फेस झालाही भरपूर. तो जाईना, ही अडचण. एका हातानं मान उचलायची, दुसऱ्या हातानं तांब्या ओतायचा, पाणी मात्र सरळ प्लास्टिकच्या घडीतून गादीत. थोड्या वेळात गादी, उशी, बायकोचा गाऊन आणि मिस्त्रींची विजार ओलीचिंब. पाणी जमिनीवरून वाहत दारापर्यंत गेलं. बायको डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली, "जन्मभर लोकांच्या घरची गळती बंद केलीत. आपल्याकडे पूर आणलात."

लेकीनं टॉवेलानं जमेल तेवढा फेस पुसला. उरलेला वाळला. गोळा आणखी आवळला, आणि चारपाच दिवसांत डोक्याला खाज सुटली. भांगाशेजारी लाल चट्टे उठले, कोंड्याचे पापुद्रे निघायला लागले. ती डाव्या हातानं खाजवायची, रात्री झोपेतही.

जखम बघायला घरी येणाऱ्या सिस्टर होत्या. जाडजूड, बोलायला फटकळ. त्यांनी डोकं बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

लेकीनं बापाकडे बघितलं. मिस्त्रींनी छताकडे.

"फेस डोक्यात राहिला की कातडी चिडते, काका. आधीच ही बाई किती दिवस उशीवर घाम मुरवत पडलीय. डॉक्टरांना फोटो पाठवते, मलम देतील. आणि बरं होईपर्यंत शांपू बंद. अगदी बंद."

"मग धुवायचं कशानं?"

"धुवायचं नाही. पुसायचं. मऊ कापड कोमट पाण्यात पिळून घ्या, भांग पाडत पाडत कातडी पुसा. घासायचं नाही. गुंत्याला तेल लावा, पण फक्त केसांना. कातडीला लागू देऊ नका, चट्टे वाढतील. आणि सोडवायचं ते टोकाकडून. वरून कंगवा ओढाल तर ती किंचाळेल आणि मी येऊन तुम्हाला ओरडेन."

मिस्त्रींना हे पटलं. तुंबलेली मोरी वरून दाबून मोकळी होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

लेकीची रजा संपली, ती गेली. मग रोज सकाळी चहा झाला की मिस्त्री चष्मा लावून बायकोच्या उशाशी स्टुलावर बसायचे. तिला डाव्या कुशीवर वळवायची, पाठीशी उशी लावायची. पहिल्यांदा कापडानं पुसणं. मग बोटांना तेल लावून गोळ्याच्या टोकाकडची एक बट धरायची, ती बटही दोन बोटांत घट्ट पकडून ठेवायची, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही, आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर. कधी कंगव्याऐवजी जाड सुई. एका सकाळी करंगळीएवढी बट सुटली तरी खूप.

ओढ बसली की बायको म्हणायची, "होल्ड करा."

की मिस्त्री थांबायचे.

"हं. बोला आता."

की पुन्हा सुरू.

एवढा वेळ नुसतं पडून काय करायचं, म्हणून ती बोलायची. रुग्णालयातल्या फोनवरच्या गोष्टी सांगायची. कोण बाई रोज दुपारी चुकीचा नंबर लावून हिच्याशी पाच मिनिटं बोलून ठेवायची, कुणाला मुलगा झाल्याची बातमी हिनंच आधी दिली होती. मिस्त्रींनी यातलं काही कधी ऐकलं नव्हतं. संसार एका छताखाली झाला, पण हे सकाळी सातला पाना घेऊन बाहेर आणि ती पाळीवर. दोघांची गाठ पडायची ती जेवताना, आणि तेव्हाही बातम्या लागलेल्या असायच्या.

चट्टे मलमानं फिकट झाले. पण केस तेलकट, जड. सिस्टर म्हणाल्या, मक्याचं पीठ चिमूटभर केसांवर भुरभुरा, तेल शोषून घेतं, मग ब्रशनं झटका. ते जमलं. दोनदा जमलं म्हणताना मिस्त्रींना चेव आला. एवढं झटकण्यापेक्षा वरून गरम पाणी टाकलं तर सगळं एकदम निघून जाईल, असं त्यांना वाटलं. पाणी अंमळ जास्तच गरम होतं. पुढे काय झालं ते बायकोच्या शब्दांत सांगायचं तर, "डोक्यात खळ शिजवली माझ्या." ती निपटायला पुढचे दोन दिवस गेले. सिस्टरांना यातलं काही सांगायचं नाही, असं नवराबायकोत ठरलं.

खळीनं एक चांगलं केलं. पाण्याची नीट सोय केल्याशिवाय भागणार नाही, हे मिस्त्रींच्या डोक्यात शिरलं, आणि ते तर त्यांचंच काम. त्यांनी स्कूटरच्या चाकाची जुनी ट्यूब घेतली, फुगवली, तिच्यावर जाड प्लास्टिक ताणून मधे खळगा केला, खळग्याच्या तळाला भोक पाडून पाइप बसवला आणि पाइपाचं दुसरं टोक खालच्या बादलीत सोडलं. मान ट्यूबवर टेकते, डोकं खळग्यात येतं, पाणी बादलीत जातं. आधी त्यांनी स्वतःचं टक्कल खळग्यात ठेवून बायकोला डाव्या हातानं तांब्या ओतायला लावला. गादीवर थेंब नाही. मग नुसत्या कोमट पाण्यानं, बोटांच्या पेरांनी कातडी हलवत, तिचं डोकं धुतलं. फेस नाही, वास नाही, काही नाही. बराच वेळ नुसतं पाणी.

"बरं वाटतंय?"

तिनं मान खळग्यात आणखी सैल सोडली. थोड्या वेळानं म्हणाली, "अजून एक तांब्या."

पहिले काही दिवस केस चिकटच राहिले. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, वास येत नाही का?" मिस्त्री बायकोच्या डोक्याजवळ नाक नेऊन सांगायचे, "केसांचा येतो." पुढे चिकटपणा कमी होत गेला. रोज ब्रश फिरवायचा आणि आठवड्यातून एकदोनदा पाणी, एवढ्यावर भागायला लागलं. खाज तर थांबलीच होती.

गोळ्याचा मधला गाभा मात्र काही केल्या सुटेना. सुपारीएवढा राहिला होता. मिस्त्रींनी आरसा तिच्या डाव्या हातात दिला, दुसरा आरसा मागे धरला आणि दाखवलं.

"एवढा राहतोय. काय करू?"

तिनं बराच वेळ बघितलं. "काढा," म्हणाली. या वेळी हात मागे आला नाही, आणि मिस्त्रींनी कात्रीनं तेवढाच भाग कापला.

आता उरलेल्या केसांची वेणी घालायला हवी होती, नाहीतर पुन्हा गुंता. मिस्त्री खालच्या मजल्यावरच्या पार्लरमध्ये गेले. आत दोन बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेल्या. टकल्या माणसाला दारात बघून पार्लरवाली म्हणाली, "काका, तुमच्यासाठी माझ्याकडे काहीच इलाज नाही हो."

"वेणी शिकायचीय."

तिनं हसू आवरलं आणि त्यांना बाकावर बसवून शिकवलं. तीन पेड, डावा मधे, उजवा मधे. मिस्त्रींनी घरी येऊन पाइपाच्या जोडाला गुंडाळायचा दोरा घेतला, त्याचे तीन पेड खिडकीच्या गजाला बांधले आणि सराव केला. तरी पहिली वेणी अशी आवळली की बायकोच्या भुवया वर चढल्या.

"अहो, गळणार नाहीये ती!"

दुसरी सैल झाली, तिसरी वाकडी. मग जमायला लागली. सिस्टर आल्या की वेणी उचलून बघायच्या आणि काही न बोलता जखमेकडे वळायच्या. एकदा त्यांनी ती ट्यूब मागितली. दुसऱ्या एका घरी आजोबा पडून होते. मिस्त्री स्वतः जाऊन ती बसवून आले आणि आपल्यासाठी नवीन केली.

बायको आधी वॉकर धरून उभी राहिली, मग काठीवर चालायला लागली. दंडाचं हाड जुळलं, पण उजवा हात डोक्याच्या मागे जाईना. म्हणून वेणी मिस्त्रींकडेच राहिली. मनातून त्यांना ते बरंच वाटत होतं. इमारतीत कुणी विचारलं, "वहिनींचे केस अजून तसेच छान, कोणता शांपू?" की ते म्हणायचे, "नळाचा," आणि पुढे निघून जायचे.

एका दुपारी ते कुणाच्या तरी टाकीचं काम करून घरी आले, तर बायको खिडकीशी चहा घेत बसलेली. केस कानाखाली जेमतेम दोन बोटं. मान उघडी.

मिस्त्री दारातच उभे राहिले. हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचेना.

"कुणी कापले?"

"खालच्या पार्लरवालीनं. मीच गेले होते. जिना एकटीनं उतरले."

ते आत जाऊन हात धुवून आले. चहा ओतून घेतला. प्याले नाहीत.

"इतके दिवस मी..." ते म्हणाले आणि थांबले.

"हो ना. इतके दिवस तुम्ही सोडवलेत म्हणून तर."

"मग ठेवायचे होतेस."

"अहो, तेव्हा कापले असते ना, तर मी पडले म्हणून कापले असते. तुमच्या दोघांच्या सोयीसाठी. आज मला हलकं वाटावंसं वाटलं, म्हणून कापले. आणि उजवा हात इथवर पोचतो." तिनं हात उचलून कानाशी नेला आणि बोटं केसांतून फिरवली. "बघा. माझे मी विंचरू शकते."

"सांगायचं तरी आधी."

"सांगितलं असतं तर तुम्ही कुठला तरी पाइप जोडून माझा हात वर नेला असता."

मिस्त्रींना हसू आलं, पण त्यांनी ते चहाच्या कपात लपवलं. वाईट वाटलं ते वाटलंच. सकाळी चहा झाल्यावर पाय आपोआप स्टुलाकडे वळायचे. तिला ते दिसायचं.

शांपूची बाटली पुन्हा घरात आली, लेकीची. ती तशीच पडून आहे. बायको म्हणते, खाज गेली ती गेली, उगाच कशाला खाजवून खरूज काढायची. डोक्याची मागची बाजू पाण्याखाली नीट चोळायला अजून हात पुरत नाही, तेवढ्यासाठी ती रविवारी हाक मारते. मग मिस्त्री बाह्या वर सारून न्हाणीघरात जातात आणि ती खुर्चीवर मान पुढे टाकून बसते.

पहिल्या रविवारी त्यांनी सवयीनं बादली काठोकाठ भरली होती. अर्धी व्हायच्या आत काम संपलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"एवढ्यात?"

"केसच कुठे राहिलेत," मिस्त्री म्हणाले. त्यांनी उरलेल्या पाण्याकडे बघितलं, तांब्या भरला आणि आपल्या टकलावर ओतून घेतला.