हिरोईनच्या मागचं कोपर

ही चित्रकार बाई चित्र काढते ते भिंतीएवढं. सिनेमाच्या पोस्टरसारखं भडक, गुलाबी गाल, निळ्या सावल्या आणि वारा नसताना उडणारे केस. फक्त तिच्या पोस्टरवर हिरोईन नसते. असतात त्या हिरोईनच्या मागे नाचणाऱ्या. यंदाच्या प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र तर तिच्या आईचंच होतं.

आईने उभी हयात सिनेमात मागच्या रांगेत नाचून काढली. त्यावर घर चालवलं, लेकीला रंग आणून दिले, आणि कपाळाला कधी आठी नाही. टीव्हीवर गाणं लागलं की ती ओरडायची, "ते बघ, खांद्यामागे कोपर दिसलं ना? ते माझं!" आपण मान वर करेपर्यंत कोपर गेलेलं असायचं.

चित्र पूर्ण झालं होतं, डोळे सोडून. दुपारी टेम्पो न्यायला येणार, आणि आई काही समोर बघेना. स्टुलावर छान ताठ बसायची, पण लेकीने ब्रश उचलला की नजर हळूच डावीकडे सरकायची.

"आई, इकडे बघ ना!"

"बघतेय की."

"कुठे बघतेयस? माझ्याकडे बघ."

"सवय गं. कॅमेऱ्यात बघायचं नाही, हिरोईनकडे बघायचं, असं बजावलेलं असायचं. एकदा चुकून बघितलं, तर पुढे कितीतरी दिवस कोणी कामाला बोलावलं नाही."

लेक वैतागली, पण आईला आणखी छळणं तिच्या जिवावर आलं. डोळे होते तसेच, बाजूला वळलेले, तिने रंगवून टाकले आणि हिरमुसली. जो चेहरा कुणी कधी नीट पाहिला नाही, त्याने निदान भिंतीवरून तरी लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवावा, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता.

आई उठून चित्रासमोर आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही कुठे बघतेय?"

"हिरोईनकडे."

"पण या चित्रात हिरोईन आहे कुठे?"

"नाहीच."

"मग ही बया तिकडे कशाला बघत बसलीय?" आई स्वतःवरच खो खो हसली आणि परत स्टुलावर जाऊन बसली. "पूस ते. नवे काढ."

लेकीने ओल्या रंगावरून फडकं फिरवलं, ब्रश उचलला. आईने पापणीही न लवता सरळ समोर बघितलं. आता लेकीलाच ती नजर झेपेना. डोळे भरून आले, मान खाली गेली.

"अगं," आई म्हणाली, "इकडे बघ ना."