सुकटीचा वास

आज आखातातल्या मनामा शहराच्या बाजारात सुकटीचा वास आला आणि इथल्याच तुबली भागातलं आमचं पहिलं घर आठवलं. शेजारी नायजेरियन कुटुंब होतं. त्यांच्या खणखणीत आवाजांना मी बिचकायचे. एका दुपारी मी सुकट भाजत असताना दार वाजलं. वासाची तक्रार असणार, म्हणून घाबरतच उघडलं, तर शेजारीण ब्लेसिंग हसत उभी!

"सिस्टर, हा तर आमच्या घरचा वास! चल, जेवायला."

तिच्याकडे सुक्या कोळंबीचा लालभडक रस्सा होता आणि कोनफळासारख्या कंदाचा कुटलेला गोळा. मी घास चावू लागले.

"चावू नकोस, नुसता गिळ!" ब्लेसिंग म्हणाली.

ती तक्रार करायला आली नव्हती, याचंच तेव्हा फक्त हायसं वाटलं होतं. आता कळतं, नवख्या बाईचं दार आपणहून वाजवायला केवढं मोठं मन लागतं. त्या दुपारी मी तो घास तसाच गिळला. समोर बसलेल्या तिच्या सासूने टाळ्या वाजवल्या आणि न विचारता दुसरा गोळा वाढला.