दादाचं वर्णन

अंधेरीच्या ऑफिसात मी नक्की काय करते, हे आमच्या सोसायटीत अजून कुणालाही कळलेलं नाही, आणि समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलंय. आमची कंपनी घरी आजारी माणूस असलेल्यांना हॉस्पिटलसारखे बेड आणि ऑक्सिजनची मशिनं भाड्याने देते. ग्राहकांशी आता एआय एजंट बोलतो. त्याच्या हाताशी टूल्स असतात. एक ऑर्डर शोधतं, एक गाडी बुक करतं, असं. कुठलं टूल कधी उचलायचं हे तो त्या टूलसोबत लिहिलेलं छोटं वर्णन वाचून ठरवतो. त्यापलीकडे त्याला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. ही वर्णनं तपासून त्यांना गुण देणं हे माझं काम. वर्णन मोघम असलं की एजंट भलतंच टूल उचलतो आणि पुढे सगळी बोंब.

यादीत सगळ्यात खाली एक टूल होतं, 'माणसाला विचारा'. ते उचललं की फोन खऱ्या माणसाकडे जायचा. त्यामागे बसायचा माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा कंपनीत माझ्याआधीपासून. कांजूरमार्गला राहतो, हेडफोन लावला की जगाला विसरतो. 'बेड परत न्या' असा फोन आमच्याकडे बहुतेक वेळा पेशंट गेल्यावरच येतो. दादा पत्ता नंतर विचारायचा. आधी विचारायचा, "घरात आत्ता कोण आहे तुमच्यासोबत?" मग समोरचा रडेल, भांडेल, काय करेल ते ऐकून घ्यायचा. नाहूरच्या एका आजोबांनी बेड नेण्यासाठी फोन केला आणि बोलता बोलताच म्हणाले, नका नेऊ, खोली मोकळी बघवणार नाही. त्यांचा मुलगा येईपर्यंत दादाने गाडी पाठवलीच नाही. वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या, पण पाठवली नाही.

ज्याचं टूल, त्यानेच वर्णन लिहायचं, असा नियम होता. दादाने लिहिलं: 'किरकोळ शंकांना जमेल तसं उत्तर देतो. वेळ लागू शकतो. शक्य असल्यास आधी इतर टूल्स वापरावीत.'

वाचून माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यात कमी गुण दिले आणि तडक त्याच्या टेबलापाशी गेले.

"किरकोळ? अरे, माणूस मेल्यावर लोक तुझ्याशी बोलतात आणि तू किरकोळ लिहितोस?"

"मग काय लिहू? मी काय मोठो लागून गेलंय?"

चिडला की तो मालवणीत शिरतो. मीच एक मसुदा लिहून दिला. घरात मृत्यू झाला असेल, माणूस रडत असेल, गोंधळलेला असेल, तर दुसरं काहीही करण्याआधी इथे जोडून द्यावं. त्याने तो वाचला आणि कानापर्यंत लाल झाला.

"हे वाचून लोक हसतील गं."

"लोक नाही वाचणार, मशीन वाचणार आहे."

"मग मशीनसमोर कशाला फुशारकी मारू?"

त्याने स्वतःचंच वर्णन ठेवलं. आमच्या घरात असंच आहे. आईच्या हातच्या वड्यांचं कुणी कौतुक केलं तर ती म्हणणार, आज जरा बिघडलेच. दादा एखाद्याला 'बघतो, जमलं तर' म्हणाला की तो माणूस निर्धास्त झोपायला जायचा. सगळ्या आळीला हे कळायचं. एजंटला कोण सांगणार? त्याने दादाचा शब्द जसाच्या तसा घेतला आणि आधी इतर टूल्स वापरायला लागला.

दादाचा फोन वाजेनासा झाला. पहिल्यांदा त्याला वाटलं हेडफोन बिघडलाय. बदलून आणला. मग तो नुसताच स्क्रीनकडे बघत बसायचा आणि मला ते दुरून दिसायचं. मी मॅनेजरकडे गेले, आवाज चढवला. तो थंडपणे म्हणाला, "कॉल कमी झाले म्हणजे एजंट शहाणा झाला ना? चांगलंच आहे की." दादाला सांगितलं, निदान आता तरी ते वर्णन बदल. त्याने बदललं. 'किरकोळ' खोडून 'साधारण' लिहिलं. मला त्याचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी तिथून उठूनच गेले.

पुढे ते टूल काढून टाकलं, आणि दादालाही.

टूल काढलं की उरलेल्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. तीही माझ्याकडेच आली. जुन्या ग्राहकांचे मेसेज एजंटसमोर ठेवायचे आणि तो काय करतो ते बघायचं. एका बाईचा मेसेज होता, 'आई गेली हो. बेडचं काय करू आता?' एजंटने एक क्षणही न घालवता गाडीचं टूल उचललं. तेच बरोबर टूल होतं, कारण अशा वेळेसाठी दुसरं उरलंच नव्हतं. त्याने उत्तर लिहिलं: 'गाडी उद्या सकाळी येईल. कृपया त्याआधी बेड रिकामा करून ठेवावा.'

नियमाप्रमाणे पूर्ण गुण होते. मी ते दिले.