भर रस्त्यातली दाढी

मारतहळ्ळीच्या पलीकडे आमची पंधरा घरांची वस्ती होती. ती ना शहरात मोडायची, ना कुठल्या पंचायतीत, म्हणून बस तिथे थांबत नसे. त्यावर शेजारच्या अण्णांनी उपाय काढला होता. सकाळी बसच्या वेळेला ते भर रस्त्यात स्टूल टाकून दाढी करायला बसत. ड्रायव्हर हॉर्न मारून थकला की म्हणत, "स्वल्प थांब रे, एक गाल राहिलाय." तेवढ्यात आम्ही कारखान्यात जाणारे चढून बसायचो.

शेवटी तक्रार गेली. चौकशीला आलेल्या बस खात्याच्या एका साहेबाला जीप सकाळीच वस्तीवर सोडून परत गेली.

"या गावाची नोंदच नाही. इथे बस थांबणार नाही!" तो अण्णांवर ओरडला.

"सरी, ठीक आहे," म्हणत अण्णांनी तोंड धुतलं आणि स्टूल कडेला ठेवलं. बस आली. साहेबाने हात केला, पण ती धुरळा उडवत निघून गेली. आम्ही सगळेच खोळंबलो.

"पुढची बस?" साहेबाने विचारलं.

"तासाभराने. तीही थांबायची नाही."

तासाभराने साहेब रस्त्याच्या मधोमध स्टुलावर बसला होता आणि अण्णा त्याच्या गालांना साबण फासत होते.

"हलू नका साहेब," ते म्हणाले, "ड्रायव्हरला फेस लांबून दिसायला हवा."